नाव लपवणारं गाणं: ‘टॉम टिट टॉट’ या बालसंगीतिकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

इंग्लंडच्या पूर्वेला सफक परगण्यातली एक प्राथमिक शाळा. सात ते नऊ वर्षांची ५६ मुलं, आठवड्याला दोन तालमी, पियानो वाजवणाऱ्या एक शिक्षिका, एक दिग्दर्शिका आणि मार्चअखेर सत्र संपताना होणारे दोन प्रयोग. शाळेची आणि माणसांची ओळख इथे दिलेली नाही. गाण्यांचा तपशील मात्र पूर्ण दिला आहे, कारण या प्रकरणातली खरी अडचण गाण्यांच्या जागा ठरवण्याची होती.

परवान्यासकट मिळणाऱ्या तयार संगीतिका शाळेने पाहिल्या होत्या. पण आपल्याच भागातली गोष्ट करायची असं ठरलं आणि निवड ‘टॉम टिट टॉट’वर आली. जोसेफ जेकब्स यांच्या १८९० सालच्या इंग्रजी लोककथांच्या संग्रहात ही कथा सफकच्या बोलीत पहिलीच छापलेली आहे. जेकब्स १९१६ मध्ये वारले, त्यामुळे कथेच्या हक्काचा प्रश्न नव्हता.

कथा थोडक्यात अशी. आईने भाजलेल्या पाच पाई (सारण भरलेला भाजका पदार्थ) मुलगी एकटी फस्त करते. आई दारात सूत कातत गुणगुणते, ‘माझ्या लेकीने आज पाच, पाच पाई खाल्ल्या.’ रस्त्याने जाणारा राजा विचारतो, काय गात होतीस? लाजेपोटी आई शब्द बदलते आणि खाल्ल्याऐवजी ‘पाच लड्या सूत कातलं’ असं गाते. राजा मुलीशी लग्न करतो. अट अशी, की अकरा महिने हवं ते खा, हवं ते नेस, हवी ती सोबत ठेव, पण बाराव्या महिन्यात रोज पाच लड्या कातायच्या, नाहीतर जीव जाईल. बाराव्या महिन्यात लांब शेपटीचं एक छोटंसं काळं काहीतरी येतं आणि सूत कातून देतं. त्याचं नाव ओळखायला रोज रात्री तीन संधी. महिना संपेपर्यंत नाव कळलं नाही, तर राणी त्याची. शेवटून दुसऱ्या रात्री राजा जेवताना हसत सांगतो, की शिकारीला गेलो असताना खडूच्या जुन्या खाणीत एक गमतीदार प्राणी चरखा फिरवत गात होता, ‘निमी निमी नॉट, माय नेम्स टॉम टिट टॉट.’

या कथेत गाणं हीच घटना आहे. आईने गाण्यातला शब्द फिरवला म्हणून लग्न होतं आणि प्राण्याला गाणं आवरलं नाही म्हणून राणी सुटते. ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ काढून टाकलं तर म्हातारीची गोष्ट उरत नाही, तसंच इथे आहे. असली कथा संगीतिकेसाठी सोपी वाटते आणि तिथेच फसगत होते.

पहिला आराखडा

पहिल्या संहितेत ११ गाणी होती. ५५ मिनिटांच्या प्रयोगात ३८ मिनिटं गाणं. या वयाच्या मुलांना दोन कडवी आणि ध्रुवपद असलेलं नवं गाणं शब्दांसकट पक्कं व्हायला साधारण तीन तालमी लागतात, हालचाली बसवायला आणखी दोन. अकरा गाण्यांचा हिशेब जानेवारी ते मार्चच्या तालमींत बसत नव्हता. अकरा महिन्यांच्या गाण्यालाच अकरा कडवी होती. त्यातली आठ पहिल्या आठवड्यातच गेली आणि कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही.

चालींबाबत दोन मार्ग होते. पूर्व इंग्लंडच्या पारंपरिक चाली घ्यायच्या, किंवा नव्या बांधायच्या. इंग्रज संगीतकार राल्फ वॉन विल्यम्स यांनी १९०५ मध्ये शेजारच्या नॉरफकमधल्या किंग्ज लिन इथे मच्छीमारांकडून पुष्कळ गाणी टिपून घेतली होती, म्हणून पहिला मार्ग मोहात पाडणारा होता. पण पारंपरिक चाल सगळ्यांची असली तरी तिची एखाद्याने केलेली स्वररचना त्याची असते. ब्रिटनमध्ये तिचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं चालतो. वॉन विल्यम्स १९५८ मध्ये वारले, म्हणजे त्यांच्या पियानोसाथी २०२८ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहेत. ‘शाळेचाच तर कार्यक्रम’ हे उत्तरही पुरत नाही. १९८८ च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्याचं कलम ३४ शिक्षक, विद्यार्थी आणि शाळेच्या कामाशी थेट संबंध असलेल्यांपुढच्या सादरीकरणाला सूट देतं, पण केवळ पालक असणं हा थेट संबंध धरला जात नाही, असं त्यातच लिहिलेलं आहे. पालकांसमोरचा प्रयोग या सुटीत बसत नाही. म्हणून चाली नव्या बांधायच्या ठरल्या. निर्णय योग्य होता, आणि त्यामुळे प्रत्येक ओळ कथेच्या बोलीला चिकटून बांधता आली.

आईच्या ओळीचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. ‘माय डार्टर हॅ एट फाइव्ह, फाइव्ह पाइज टुडे.’ नंतर तीच ओळ ‘एट’च्या जागी ‘स्पन’ आणि ‘पाइज’च्या जागी ‘स्केन्झ’ (लड्या) घेऊन येते. दोन्ही जागी एकच अक्षर जाऊन एकच अक्षर येतं, त्यामुळे चाल हलत नाही. कथेनेच ही सोय करून ठेवली आहे. पण ‘फाइव्ह पाइज’ जिभेवरून सहज जातं, तर ‘फाइव्ह स्केन्झ’मध्ये ‘व्ह’ला लागून ‘स्क’ येतो आणि मुलं ‘व्ह’ गिळतात. पहिल्या चालीत दोन्ही शब्द अर्ध्या अर्ध्या मात्रेचे होते. दुसऱ्या ‘फाइव्ह’ला पूर्ण मात्रा देऊन त्याच्या शेपटाला किंचित थांबा ठेवला, तेव्हा शब्द स्वच्छ झाला. त्या थांब्याचा एक फायदाही झाला. आई शब्द बदलण्याआधी क्षणभर अडखळते आहे असं ऐकू येऊ लागलं.

अडचण

प्रयोगाच्या तीन आठवडे आधी सगळ्यांत लहान वर्गांना बसवून पहिली सलग तालीम झाली. राणीने पहिल्या रात्रीचं पहिलं नाव विचारलं, ‘इज दॅट बिल?’ आणि पाच वर्षांच्या पोरांनी एका सुरात ओरडून उत्तर दिलं, ‘टॉम टिट टॉट!’ पुढची वीस मिनिटं रंगमंचावर मुलं नाव शोधत होती आणि समोर बसलेली मुलं ते सांगत होती. राणी झालेली मुलगी रडवेली झाली.

नाव तीन ठिकाणांहून फुटलं होतं. भित्तिपत्रकावर तेच शीर्षक होतं. सुरुवातीच्या समूहगीताच्या ध्रुवपदात तेच होतं, कारण ती चाल सगळ्यांत आकर्षक म्हणून दिग्दर्शिकेने ती आधी वापरली होती. आणि मुलं महिनाभर मधल्या सुटीत दुसरं काही गातच नव्हती.

चाल मुलांच्या तोंडी बसेल अशीच बांधलेली होती. भूपातले चार स्वर, त्यातही प आणि ग यांच्यावरच खेळ: ‘निमी’ प प, ‘निमी’ ग ग, ‘नॉट’ प, ‘माय नेम्स’ प ध, आणि मग ‘टॉम टिट टॉट’ प, ग, सा. प वरून ग वर येणारी ही उतरण इंग्लंडमधली मुलं खेळताना, चिडवताना, एकमेकांना हाका मारताना आपसूक वापरतात. तिच्यावर बांधलेलं गाणं एकदा ऐकलं की जात नाही. रचना म्हणून ती निर्दोष होती. तिची जागा चुकली होती.

त्याच तालमीत दुसरा दोषही उघडा पडला. सगळी गाणी बी फ्लॅटच्या पट्टीत होती, म्हणजे सा पेटीवरच्या मधल्या पांढरी एकच्याही खाली, मंद्रातल्या (खालच्या सप्तकातल्या) काळी पाचवर. ही पट्टी मोठ्या माणसाने स्वतःच्या गळ्यावर ठरवलेली होती. सात-आठ वर्षांच्या मुलांचा गळा पांढरी दोनपासून वरच्या पांढरी एकपर्यंत सुखाने चालतो. खाली उतरलं की मुलं छातीतून गुरगुरतात किंवा नुसतं बोलतात. ‘टॉट’ नेमका त्या खालच्या सा वर होता. गोष्टीतला सगळ्यांत महत्त्वाचा शब्द आणि नेमका तोच ऐकू येत नव्हता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, प्रेक्षकांनी ओरडावं हेच योजनेत घ्यायचं. इंग्लंडमध्ये नाताळातल्या पँटोमाइमला, म्हणजे गाण्या-विनोदांच्या बोलक्या नाटकाला, मुलं रंगमंचावरच्या पात्रांना ओरडून सावध करतातच, त्यामुळे हे कुणाला खटकलं नसतं. पण नाव सगळ्यांना माहीत असेल तर राणी मूर्ख दिसते आणि जेवणाच्या प्रसंगात काहीच उरत नाही.

दुसरा पर्याय नाव बदलण्याचा. तो लगेच सोडला. तीन एकाक्षरी शब्द, प्रत्येकाची सुरुवात ‘ट’ने, शेवटी ‘नॉट’शी यमक: हे नाव हलवलं तर कथाच दुसरी होते.

तिसरा पर्याय, चाल ठेवायची आणि शब्द रोखून धरायचे. हाच घेतला, पण त्याने एक मोठा प्रश्न उभा केला. शब्द पहिल्यांदा कुणाच्या तोंडून येणार? पहिल्या संहितेत खाणीचा प्रसंग रंगमंचावर होता आणि प्राणी तिथे तीन कडवी गात होता. मूळ कथेत खाण दिसतच नाही, ती राजाच्या बोलण्यातून कळते. दिग्दर्शिकेचं म्हणणं, खाणीचा प्रसंग हा प्राणी झालेल्या सहा मुलांचा मोठा क्षण आहे, तो काढू नये. शिक्षिकेचं म्हणणं, तिथे शब्द आले तर राजा तेच दुसऱ्यांदा सांगणार, राणी तिसऱ्यांदा म्हणणार आणि तिसऱ्या वेळेला धार उरणार नाही. दोघींचंही बरोबर होतं. मार्ग निघाला तो असा: खाण ठेवायची, पण पांढऱ्या चादरीमागे सावल्यांत, चरख्याच्या ठेक्यावर, आणि चाल नुसती मिटल्या ओठांनी गुणगुणायची. ‘निमी निमी’मध्ये न आणि म हेच वर्ण असल्याने गुणगुणणं त्यातून सहज निघतं.

केलेले बदल

सुरुवातीचं समूहगीत रद्द झालं. त्या जागी आईचं पाच पाईंचं गाणं आलं, जे कथेचं खरं पहिलं वाक्य आहे. भित्तिपत्रकावर ‘पाच पाई, पाच लड्या’ अशा अर्थाचं शीर्षक गेलं. पात्रयादीत प्राण्याचं नाव ‘दॅट’ असं छापलं, कथेतही त्याचा उल्लेख तसाच होतो. सगळ्या गाण्यांची पट्टी चार अर्धस्वर चढवून डी मेजरवर, म्हणजे सा पांढरी दोनवर नेली. ‘टॉट’ लगेच ऐकू येऊ लागला आणि वरचा ध पांढरी सातवर आला, जो या वयाला जड नाही.

चाल आधीपासून कानावर घालायची होती, पण शब्दांशिवाय. ती रेकॉर्डरवर, म्हणजे उभ्या धरायच्या छोट्या बासरीवर, वाजवावी असं सुचवलं गेलं, कारण वर्गात रेकॉर्डर शिकवला जात होता. ते जमलं नाही आणि कारण तांत्रिक आहे. डी मेजरमध्ये ग म्हणजे एफ शार्प. रेकॉर्डरवर नवशिके बी, ए, जी हे सुटसुटीत सूर आधी शिकतात. एफ शार्पला मधलं एक बोट उचलून खालची दोन दाबावी लागतात आणि घाईत तो सूर फाटतो. शेवटी शाळेतल्या धातूच्या सुट्या चाइम पट्ट्या घेतल्या: डी, एफ शार्प, ए, बी. चार मुलं, एकेकाकडे एक पट्टी. राणी कोंडलेल्या खोलीत एकटी बसते तेव्हा पहिल्यांदा, दार वाजतं तेव्हा दुसऱ्यांदा, खाणीत तिसऱ्यांदा.

कोरसच्या ‘ट’ने वेगळाच त्रास दिला. ५६ मुलांनी ‘नॉट’चा शेवटचा ‘ट’ आपापल्या वेळी उच्चारला की पत्र्यावर गारा पडल्यासारखं होतं. चार मात्रांच्या आवर्तनात ‘नॉट’ तिसऱ्या मात्रेवर आणि ‘माय नेम्स’ चौथीवर असल्यामुळे ‘ट’ला जागाच नव्हती. उपाय असा केला: ‘नॉट’ अर्ध्या मात्रेचा, उरलेली अर्धी मात्रा रिकामी, आणि ‘ट’ त्या रिकाम्या जागेच्या तोंडावर, शिक्षिकेच्या मिटलेल्या मुठीबरोबर. ‘टॉम’ समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, ‘टिट’ दुसरीवर, ‘टॉट’ तिसरीवर आणि त्याचा ‘ट’ नेमका चौथीवर. शब्द न म्हणता फक्त ‘ट’ योग्य जागी काढायचा, असा खेळ मुलांना दिला. एका तालमीत बसलं.

नावांच्या गाण्यात कथेतलीच नावं ठेवली. पहिल्या रात्री बिल, नेड, मार्क: एकाक्षरी, एका मात्रेत संपणारी. पुढे निकोडीमस, सॅमल, मेथ्यूसलेम. शेवटच्या रात्री सॉलोमन आणि झेबेडी. नावं लांबत जातात तसतशी राणीची धडपड ऐकू येते आणि मग एकदम तीन आखूड घाव पडतात. आघाताकडे मात्र बघावं लागतं. ‘झेबेडी’चा आघात पहिल्या अक्षरावर, म्हणून ते समेवर सुरू होतं. ‘मेथ्यूसलेम’चा दुसऱ्यावर, म्हणून त्याला ‘मे’ची उचल देऊन ‘थ्यू’ समेवर आणावा लागतो. पहिल्या चालीत दोन्ही एकाच साच्यात कोंबली होती आणि मुलं तिथे दर वेळी अडखळत होती. दोष मुलांचा नव्हता.

प्राणी सहा मुलांचा होता, त्यामुळे एकट्यावर गाण्याचा भार पडला नाही. राणीही तीन मुलींमध्ये वाटून दिली: लग्नापर्यंत एक, कोंडलेली दुसरी, शेवटच्या रात्रीची तिसरी. प्राण्यांना काळं रंगवण्याऐवजी खडूच्या धुळीसारखे राखी कपडे दिले. शेपट्या दोरखंडाच्या, आधी हातभराहून लांब. प्रत्येक चुकीच्या नावाला त्या फिरवायच्या असल्याने शेजाऱ्याच्या तोंडावर बसू लागल्या, म्हणून निम्म्या केल्या.

न लिहायचं गाणं

सगळ्यांत जास्त चर्चा एका गाण्याच्या जाण्यावर झाली. राजा जेवताना निमी निमी म्हणून दाखवतो त्यानंतर राणीसाठी आनंदाचं एकल गाणं लिहिलेलं होतं. चाल सुरेख होती आणि गाणारी मुलगी शाळेतली सर्वांत तयारीची. संगीतिकेचा संकेतही असाच की भावना दाटली की पात्र गातं. कथा मात्र सांगते की आनंदाने ती जणू कातडीतून उडी मारणार होती, पण एक शब्द बोलली नाही.

तिने गायलं तर राजाला कळतं की काहीतरी आहे, आणि प्रेक्षकांचा श्वास मोकळा होतो, जो अजून एक रात्र कोंडलेला राहायला हवा. शिवाय या गोष्टीत जो गातो तो आपलं गुपित गमावतो. आईने गाऊन घोळ केला, प्राणी गाऊन हरणार आहे. राणी जिंकते ती गप्प राहून. हे पटल्यावर गाणं गेलं. राजा घास घेत, हसत, कच्च्या सुरात ओळ म्हणतो, पियानो थांबतो, आणि राणी चमचा हळूच खाली ठेवते. पूर्ण चार मात्रा शांतता. चमचा लाकडाऐवजी धातूचा घेतला, म्हणजे तो ठेवल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जावा.

त्या मुलीची समजूत काढायला वेळ द्यावा लागला आणि तो द्यायलाच हवा होता. तिला शेवटच्या रात्रीची राणी दिली: दोन नावं मुद्दाम चुकवायची, एक पाऊल मागे घ्यायचं, बोट रोखायचं आणि ‘माय’च्या जागी ‘योर’ घालून ती ओळ एकटीने, साथीशिवाय गायची.

निष्पत्ती

अखेर सहा गाणी आणि एक शब्दहीन चाल राहिली, मिळून सुमारे १७ मिनिटांचं संगीत. संध्याकाळच्या प्रयोगाला आलेल्या बहुतेक पालकांना नाव माहीत नव्हतं. राजाने ओळ म्हटली तेव्हा चाइम पट्ट्यांवर तीनदा ऐकलेली चाल त्यांनी ओळखली आणि चमच्याच्या शांततेत सभागृह खरंच गप्प होतं. शेवटच्या रात्री बोट रोखल्यावर टाळ्या ओळ संपायच्या आतच सुरू झाल्या.

दुपारचा प्रयोग शाळेतल्या मुलांसमोर होता आणि तिथे नाव परत घेता येणं शक्यच नव्हतं. कोरसने ओठांवर बोट ठेवून लहानग्यांना गप्प करायचं असं ठरवलं होतं. बिल आणि नेडपर्यंत ते चाललं, मेथ्यूसलेमला फुटलं.

राजाचं शिकारीचं गाणं दोन्ही प्रयोगांत पडलं. दोन गटांनी एकामागून एक सुरू करायचं ते आवर्ती गाणं होतं. गट रंगमंचाच्या दोन टोकांना उभे असल्याने एकमेकांना नीट ऐकू शकत नव्हते आणि दुसरा गट पहिल्याच्या लयीत ओढला जात होता. कातण्याचं गाणं, सहा मात्रांचं, दादऱ्याच्या अंगाने जाणारं, मुलांनी जोशात पळवलं, पण पियानो जिवंत असल्यामुळे शिक्षिकेने ते सावरलं. ध्वनिमुद्रित साथ असती तर तिथे घसरगुंडी झाली असती.

वेगळं काय करता आलं असतं

पट्टी गाणी लिहिण्याआधी ठरायला हवी होती. त्याला अर्धा तास पुरतो: दहा-बारा मुलांना एखादं ओळखीचं गाणं तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत गायला लावायचं आणि खालचा सूर कुठे हवेत विरतो, वरचा कुठे ताणला जातो ते लिहून ठेवायचं. चढवलेल्या पट्टीमुळे शिक्षिकेला पियानोची सगळी साथ प्रयोगाच्या तोंडावर पुन्हा लिहावी लागली.

दोन गटांचं आवर्ती गाणं या वयाला अशक्य नाही, पण गट शेजारी-शेजारी आणि प्रत्येकात दोन पक्की मुलं पुढे, अशी मांडणी लागते. वेळ नसेल तर एका गटाने धरलेला एकच सूर आणि त्यावर दुसऱ्याची चाल, एवढंही भरलेलं वाटतं.

नाव फुटण्यावर मात्र आणखी सरळ तोड होती. तालमींत खरं नाव वापरायचंच नाही. त्या जागी त्याच वजनाचं, ‘नॉट’शीच यमक जुळणारं खोटं नाव शिकवायचं, उदाहरणार्थ ‘पिप पॅप पॉट’. चाल, मात्रा, मुठीबरोबरचा शेवटचा ‘ट’, सगळं त्यावर बसतं. मधल्या सुटीत मुलं गातील ते खोटं नाव. खरं नाव राजा आणि शेवटची राणी या दोघांनाच आधी सांगायचं, प्राण्यांना आणि कोरसला शेवटच्या आठवड्यात, दार लावून. बदल फक्त पाच व्यंजनांचा आणि दोन स्वरांचा असतो, एका तालमीत होतो. मात्र ‘पॉट’चा प ओठांवर आणि ‘टॉट’चा ट जिभेच्या टोकावर असल्याने पहिल्या दोन-तीन वेळा मुलं ‘टॉम’ला उशिरा पोचतात. तेवढी सवय व्हायला रंगीत तालमीच्या आधी किमान तीन दिवस मोकळे ठेवावेत.